भिंतीला गाल लावणारी नणंद

सोलापूरच्या उन्हाशी जिचं वैयक्तिक भांडण आहे अशी माझ्या माहितीत एकच व्यक्ती आहे, आणि दुर्दैवानं म्हणा की सुदैवानं, ती माझी नणंद आहे. बाकीचं सोलापूर उन्हाशी जुळवून घेतं. मार्च लागला की डोक्याला पंचा गुंडाळतं, दुपारी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढतं, ताक पितं आणि जूनची वाट बघतं. आमच्या नणंदबाईंना हे जुळवून घेणं मंजूर नाही. ऊन ही त्यांच्या मते देवाची करणी नसून माणसाच्या आळसाची करणी आहे. "ऊन बाहेर असतं गं," त्या म्हणतात, "ते घरात घेतं कोण? आपणच की! दार उघडून, पाट मांडून, बस म्हणतो त्याला."

मी मूळची वैरागची, मराठी घरातली. लग्न होऊन आले ती सोलापुरातल्या विणकरांच्या तेलुगू घरात. तेलुगूत नवऱ्याच्या मोठ्या बहिणीला 'वदिना' म्हणतात, म्हणून त्या माझ्या वदिना. आमचं लग्न दोन्ही घरांना पसंत नव्हतं. ते नोंदणी कचेरीत झालं आणि मुलाकडून साक्षीदार म्हणून एकट्या वदिना आल्या. मी रडवेली होऊन बसले होते. वाटलं, आता या पाठीवर हात ठेवतील, चार धीराचे शब्द बोलतील. वदिनांनी सही करता करता वर पाहिलं, मग खिडकीकडे पाहिलं आणि साहेबांना म्हणाल्या, "छत बसकं, खिडकी पश्चिमेला. या खोलीत लग्न लावलंत तर जोडपं घामानंच एकमेकांना कंटाळेल. उरका लवकर." साहेबांनी खरोखरच लवकर उरकलं. त्या दिवसापासून मला त्यांची भीती वाटते आणि त्यांच्याशिवाय करमतही नाही.

वदिना आर्किटेक्ट आहेत, पण ते कुणाला सांगून पटत नाही. पदर खोचलेली सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ, काखेत काळी छत्री आणि गळ्यात, जिथं इतर बायकांच्या मंगळसूत्र असतं तिथं, दोऱ्यात ओवलेला तापमापक. कुठल्याही घरात शिरल्या की आधी भिंतीला हात लावतात. हातानं समाधान झालं नाही तर गाल लावतात. आमच्या ऑफिसच्या बांधकामावर माती कालवणारी एक बाई हे बघून दुसरीला म्हणाली होती, "ह्या बाई भिंतीला ताप आलाय का बगत्यात जनू. लई जीव हाय बगा त्यांचा भिंतीवर." दुसरा नाद म्हणजे प्रत्येक वस्तूची चौकशी. हे कुठून आलं? माझ्या नवऱ्यानं हौसेनं ओट्याला नवा दगड बसवला आणि अक्काला दाखवायला बोलावलं. अक्का म्हणजे त्याची मोठी बहीण, म्हणजे वदिनाच. त्यांनी चहाचा कपही हातात घेतला नाही. "कुठून आला हा?" नवरा छाती फुगवून म्हणाला, "थेट इटलीहून." वदिना बराच वेळ दगडाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे यानं तुझ्यापेक्षा जास्त जग बघितलंय. आणि आपल्या खाणीतला काळा दगड गावाबाहेर बसून विचारतोय, माझं काय चुकलं म्हणून." जहाजाला किती तेल लागलं असेल, खाणीतून बंदरापर्यंत किती धूर निघाला असेल, हे त्यांनी चहा गार होईपर्यंत समजावून सांगितलं. नवरा त्यानंतर महिनाभर त्या ओट्याकडे पाहुण्याकडे बघावं तसा बघायचा.

त्यांचं जेवणही याच हिशेबातलं. डब्यात कायम कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. एकदा चूल पेटवायची आणि आठ दिवस खायचं, पुन्हा गरम करायची भानगड नाही. "कडक भाकरीसारखी इमारत बांधता आली पाहिजे," असं त्या म्हणायच्या. याचा अर्थ मला पुष्कळ दिवस कळला नव्हता. दाताला लागेल अशी, एवढाच मी घेतला होता.

मी अक्कलकोट रस्त्याला शहराबाहेर असलेल्या एका संशोधन संस्थेत ग्रंथपाल आहे. कोरडवाहू पिकांवर काम चालतं आमच्याकडे. कमी पाण्यात ज्वारी कशी तगेल, तूर कशी टिकेल, असले प्रश्न. जुनी इमारत अपुरी पडायला लागली तेव्हा शेजारच्या मोकळ्या जागेवर नवी बांधायचं ठरलं आणि आराखडे मागवले. त्यानंतरच्या मे महिन्यात एके दुपारी पहारेकरी धावत संचालकांकडे आला. "साहेब, मोकळ्या रानात एक बाई उपोषणाला बसल्यात. बारापास्नं हलल्या न्हाईत." संचालक घाबरले. पत्रकार येतील, चौकशी होईल. बाईमाणूस आहे म्हणून त्यांनी मला पाण्याची बाटली देऊन पाठवलं. मी गेले तर रणरणत्या उन्हात, स्टुलावर, काळ्या छत्रीखाली आमच्या वदिना! मांडीवर वही. मला बघून त्यांना जराही आश्चर्य वाटलं नाही. "बरं झालं आलीस. त्या कडुलिंबाची सावली आता कुठवर आलीय, पावलं मोजून सांग." मी मोजली. काय करणार? "सावली कागदावर कळत नाही," त्या म्हणाल्या. "जागा बारा ते चार कशी वागते ते बघितल्याशिवाय रेघ कशी ओढायची?"

आराखडे नावं झाकून तपासले गेले आणि वदिनांचा निवडला गेला. निवडणाऱ्या समितीला तो आवडला होता. आमच्या संचालकांना मात्र नाव उघडल्यावर ती उपोषणवाली बाई असल्याचं कळलं आणि तिथून कुरबूर सुरू झाली. संचालक माणूस सज्जन, मोठा शास्त्रज्ञ, पण देशोदेशीच्या परिषदांना जाऊन त्यांच्या डोळ्यांत काच भरली होती. त्यांना दर्शनी बाजू अख्खी काचेची हवी होती, आतून गारेगार, बाहेरून चकचकीत. वदिनांच्या आराखड्यात काय होतं? पायासाठी खोदलेल्या मुरमाचे तिथंच दाबून केलेले मातीचे ठोकळे. पश्चिमेला जाडजूड काळ्या दगडाची भिंत, तिला लागून जिने आणि अडगळीच्या खोल्या, म्हणजे ऊन आधी त्यांनी सोसायचं. भिंतींना सिमेंटऐवजी चुना. पाडायच्या जुन्या गोदामाचे सागवानी दरवाजे जसेच्या तसे. छतात उपडी घातलेली कुंभाराची मडकी, म्हणजे सिमेंटही कमी लागतं आणि उष्णताही अडते. यंत्रानं गार करायची खोली एकच, बियाण्याच्या साठ्याची, आणि ती इमारतीच्या मध्यावर, देवघरासारखी. बाकी सगळीकडे पंखे आणि वारा.

"मॅडम, हे एकविसाव्या शतकातलं संशोधन केंद्र आहे," संचालक म्हणाले. "तुम्ही आम्हाला मातीत आणि मडक्यात बसवताय."

"सर, तुम्ही शेतकऱ्याला सांगता की कमी पाण्यात पीक काढ," वदिना म्हणाल्या. "मग तुम्हाला कमी विजेत बसायला काय होतंय?"

समितीत कुणीतरी हसलं, संचालक हसले नाहीत. मी कोपऱ्यात टिपणं घेत होते आणि धरणीमातेला पोटात घे म्हणत होते. जेवणाच्या सुट्टीत सगळे माझ्याकडे असे बघायचे, जणू उन्हाळा मीच माहेराहून आणलाय. शेवटी तडजोड निघाली. वदिनांनी एक खोली नमुना म्हणून बांधून दाखवायची. समिती तिथं येऊन बघेल. पटलं तर इमारत तशी, नाही तर काच.

चुन्याच्या कामाला माणूस मिळेना. गावात सिमेंट आल्यापासून ते हात संपलेच होते. वदिनांनी पंधरा दिवस जुन्या गल्ल्या पालथ्या घातल्या आणि सत्तरी ओलांडलेले एक मिस्त्री शोधून काढले. सगळे त्यांना चाचा म्हणत. चाचांनी चुना भिजवला, वाळू आणि गूळ-बेलाचं पाणी घालून दगडी घाण्यात मळला, आणि तो मुरायला ठेवला. तेवढ्यात समितीची तारीख ठरली. ती अगदी तोंडावर आली होती. चाचा म्हणाले, "बाई, चुना कच्चा हाय. हौर पंधरा दिन लगते." वदिना म्हणाल्या, "चाचा, तारीख थांबत नाही की." आणि गिलावा मारून घेतला.

समिती आली. खोली दिसायला सुरेख झाली होती, दुधावरच्या सायीसारखी भिंत. संचालकसुद्धा क्षणभर बघत राहिले. शिपायानं चहा आणला. संचालकांनी कप तोंडाला लावला आणि त्यांच्या डोक्यामागचा हातभर गिलावा सुटून खाली आला. निम्मा त्यांच्या खांद्यावर, उरलेला कपात. संचालकांनी शांतपणे कप बशीत ठेवला.

मला वाटलं, आता वदिना काहीतरी तिखट बोलणार. मी त्यांना कधी हार मानताना बघितलं नव्हतं. भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी, महापालिकेशी, कुणाशीच नाही. वदिना उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"चाचांनी मला थांबायला सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "मी ऐकलं नाही. यात चुन्याचा दोष नाही आणि चाचांचाही नाही. चूक माझी आहे." मग म्हणाल्या, "मला मे महिन्यापर्यंत वेळ द्या. मेमध्ये, दुपारी तीन वाजता, समितीनं याच खोलीत बैठक घ्यावी. दोन तास. बसवलं नाही, तर काच लावा. नकाशे मीच काढून देईन."

संचालक खांद्यावरचा चुना झटकत होते. झटकायचं थांबून त्यांनी वदिनांकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत 'चूक माझी आहे' हे वाक्य त्यांनी बैठकीत बहुधा पहिल्यांदाच ऐकलं असावं. "ठीक आहे," ते म्हणाले. "मे."

संध्याकाळी मी त्यांच्या फ्लॅटवर गेले. जगाला सावली देणाऱ्या या बाई स्वतः तिसऱ्या मजल्यावर पश्चिमेच्या तोंडाच्या, तव्यासारख्या तापणाऱ्या भाड्याच्या घरात राहायच्या. दिवा न लावता खुर्चीत बसल्या होत्या. मी चहा केला. मग त्याच बोलायला लागल्या, जमिनीकडे बघत.

"नान्नांचा माग पत्र्याच्या शेडमध्ये होता, माहितीय तुला?" नान्ना म्हणजे वडील, माझे सासरे. मी त्यांना फक्त फोटोत पाहिलेलं. "मी शाळेतून आले की आंबील घेऊन जायचे. ओला टॉवेल डोक्यावर घेऊन विणायचे ते. टॉवेल अर्ध्या तासात वाळायचा, मी परत भिजवून आणायचे. एकदा भिजवून आणला तर ते मागाला टेकून बसले होते. मला वाटलं, दमलेत."

घरात आजवर सगळे 'हार्टनं गेले' एवढंच सांगायचे. माझा नवरा तेव्हा पाळण्यात होता, त्याला काहीच आठवत नाही.

"पत्र्याला मी दोष देत नाही," वदिना म्हणाल्या. "परवडत होतं तेच घातलं मालकानं. पण ज्यानं ते शेड आखलं, त्यानं एक दुपार, फक्त एक, तिथं बसून बघितलं असतं तर? कुणीच बसून बघत नाही गं." मग पदरानं तोंड पुसून उठल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "चहात साखर फार घातलीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चाचांच्या घरी गेल्या. मी सोबत होते. दारातच त्यांनी हात जोडले. चाचांनी त्यांना बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि माफीबिफी काही न ऐकता म्हणाले, "बाई, चुना हौर आदमी, दोनों को ठंडा होने देना पड़ता." वदिनांनी ते वहीत लिहून घेतलं. मी डोकावून बघितलं, तापमानाच्या नोंदींच्या शेजारीच.

मग त्यांनी स्वतः खरडणी घेऊन जुना गिलावा उतरवला. चुना मुरला. चाचा सांगतील तेव्हा थर, चाचा सांगतील तेवढंच पाणी. वदिना, ज्या कुणाचं ऐकत नाहीत, त्या महिनाभर चाचांच्या मागे सुनेसारख्या उभ्या असायच्या. मधल्या काळात मी रोज ऑफिसला जाताना त्या भिंतीकडे चोरून बघायचे आणि मनातल्या मनात म्हणायचे, बाई गं, धर. चिकटून राहा.

मे आला तो वैऱ्यासारखा. बैठकीच्या दिवशी रस्त्यावरचं डांबर चपलेला लागत होतं. तीन वाजता समिती आली, घामानं निथळत, तोंडं वाकडी करत. आत शिरून सगळे खुर्च्यांवर टेकले. एकेकानं रुमाल काढला, तोंड पुसलं आणि रुमाल खिशात ठेवून दिला, तो परत काढला नाही. खालच्या झरोक्यातून कडुलिंबाखालची हवा येत होती, वरच्यातून जात होती. एकच पंखा, तोही रमतगमत फिरत होता. वदिना दाराशी उभ्या होत्या. त्यांनी तापमापक गळ्यातून काढून पिशवीत टाकला होता. "आकडे नकोत," असं त्यांनी मला आधीच बजावलं होतं. "आकड्याशी माणूस भांडतो."

बैठक सुरू झाली. मुद्दा क्रमांक एक, मागील बैठकीचे इतिवृत्त. ते मी वाचून दाखवलं. वाचून वर पाहिलं, तर संचालकांची मान एका बाजूला कलली होती, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता आणि ते अत्यंत समाधानी, अत्यंत शास्त्रीय अशा लयीत घोरत होते. सगळ्यांना माहीत होतं की बिचाऱ्यांना उन्हाळ्यात झोप लागत नाही; रोज सकाळी ते स्वतःच सांगायचे. उठवायचं कुणी? शिपाई चहा घेऊन आला. वदिनांनी ओठांवर बोट ठेवलं आणि त्याला दारातूनच परत पाठवलं. सबंध समिती सव्वा तास हाताची घडी घालून शाळेतल्या मुलांसारखी बसून राहिली. दोघं तर मध्येच संचालकांच्या मतालाच मिळाले.

साडेचारच्या सुमारास संचालक दचकून जागे झाले, चष्मा सारखा केला आणि कडक आवाजात म्हणाले, "हां, तर मुद्दा क्रमांक दोन." आणि मग सगळी खोली जी हसायला लागली! संचालकांना आधी कळेना, मग कळलं, मग तेही हसायला लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्यांनी माझ्याकडून कागद ओढून घेतला आणि सही केली. कुणीतरी विचारलं, "सर, काचेचं काय करायचं?"

"माझ्या चष्म्यापुरती ठेवा," संचालक म्हणाले.

मी वदिनांकडे पाहिलं. त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या आणि खूप वेळ वळल्या नाहीत.

इमारत उभी राहायला पुढं दोन वर्षं गेली. त्या काळातल्या त्यांच्या तऱ्हा सांगायला बसले तर पुरणार नाही. कडुलिंब वाचवण्यासाठी त्यांनी व्हरांड्याला असा बाक दिला की पाहुणे अजून विचारतात, इथं मोजताना चूक झाली का. छतासाठी मडकी निवडताना प्रत्येक मडक्यावर टिचकी मारून आवाज ऐकायच्या, शेवटी कुंभार वैतागून म्हणाला, "बाई, छतात घालायचीत का भजनाला न्यायचीत?" माती कालवणाऱ्या आठ बायकांना चाचांच्या हाताखाली घालून त्यांनी चुन्याचं काम शिकवलं. त्यांच्यातल्या तिघी आता स्वतः मिस्त्री म्हणून कामं घेतात. उद्घाटनाला व्यासपीठावर खुर्ची ठेवली होती, पण वदिना तिथं नव्हत्या. मी शोधत गेले तर मागच्या बाजूला चाचांबरोबर पायरीवर बसून कडक भाकरी खात होत्या. भाषणात संचालक त्यांचं नाव घेत होते. ध्वनिक्षेपकातून ते तिकडेही ऐकू येत होतं. चाचा म्हणाले, "बाई, तुमारा नाम ले रहे." वदिना म्हणाल्या, "चटणी घ्या की अजून."

आता त्या सोलापुरात फारशा नसतात. कर्नाटकच्या सीमेजवळ एका खेड्यात शाळेची इमारत बांधतायत, तिथंच एक खोली घेऊन राहतात. गुडघे दुखतात, परांचीवर चढता येत नाही, खालूनच ओरडतात म्हणे, अर्धं कानडीत, उरलेलं तेलुगूत. मी माझ्या नव्या ग्रंथालयात उत्तरेच्या खिडकीशी बसते. इथं बसायला लागल्यापासून उन्हाळ्याबद्दल ऑफिसात कुणी बोलत नाही. बोलण्यासारखं उरलंच नाही. नवीन येणारी संशोधक मुलं तर समजतात, खोल्या अशाच असतात.

परवा एक मुलगी भिंतीला पाठ टेकून, चप्पल काढून, पुस्तकात बुडून बसली होती. बाहेर एप्रिल पेटला होता. मला राहवलं नाही. मी तिला सांगितलं, ही भिंत कुणी बांधली, आधी नमुन्याच्या खोलीचा गिलावा कसा पडला, परत कसा चढला. तिनं नम्रपणे ऐकून घेतलं, "हो का मॅडम?" म्हणाली आणि पुन्हा पुस्तकात गेली. मला फार वाईट वाटलं. वाईट वाटलं म्हणून मी वदिनांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. म्हटलं, वदिना, विसरली हो माणसं तुम्हाला. इतक्या लवकर.

पलीकडे वाऱ्याचा आवाज येत होता. मग त्या हसल्या. इतकं हळू हसताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"वाचत होती ना ती?" त्यांनी विचारलं.

"हो."

"दुपारची?"

"हो, दुपारची."

"मग झालं की," वदिना म्हणाल्या. "बसू दे तिला. उठवू नकोस."